पाडव्याला फुलतील असे कांदे

आमच्या घरापुढच्या अंगणात मी पहिल्यांदा कंद लावले ते २०२१च्या नोव्हेंबरात. शंभर ट्युलिप. गोदामासारख्या मोठ्या दुकानातून आणलेल्या दोन जाळीदार पिशव्या, वर लालभडक फुलांचा फोटो, आणि डोक्यात हिंदी सिनेमाच्या गाण्यांतली ट्युलिपची शेतं. पुढच्या एप्रिलमध्ये कळ्या वर आल्या, रंग दिसायला लागला. एका सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी आले तर शंभरातल्या आठ उरल्या होत्या. बाकीच्यांचे देठ टोकाला फाटलेले, चिंध्या झालेले. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ती कापत नाहीत, ओढून तोडतात. सशानं खाल्लेला देठ सुरीनं तिरका कापल्यासारखा दिसतो. चोर कोण ते त्यावरून ओळखता येतं, पण हे मला नंतर कळलं. त्या सकाळी नुसत्या शिव्या घातल्या.

२०२२चा फॉल, म्हणजे पानगळीचा हंगाम, मी फणकाऱ्यातच जाऊ दिला. २०२३मध्ये परत कंद लावायचं ठरलं ते आई येणार होती म्हणून. त्या हंगामात काय निवडलं, काय गाळलं आणि पुढं त्याचं काय झालं, ते इथं मांडते आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या पट्ट्यात राहणाऱ्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

प्रश्न नेमका काय होता

आम्ही ब्रिजवॉटरला राहतो, सॉमरसेट काउंटीत. आई निफाड तालुक्यातली. ३० ऑक्टोबरला, कोजागरी झाल्यावर दोन दिवसांनी ती येणार होती आणि २१ एप्रिलला परत जाणार होती. म्हणजे इथला सगळ्यात रुक्ष काळ नेमका तिच्या वाट्याला: उघडी झाडं, साडेचारला मावळणारा सूर्य, आणि मार्च संपेपर्यंत अंगणात बघण्यासारखं काहीच नाही. इथली शोभा सुरू होते ती ती विमानात बसेल त्या सुमाराला.

२०२४चा पाडवा ९ एप्रिलला होता. त्या दिवशी दारात आपल्या अंगणातली फुलं हवीत, एवढंच मी ठरवलं. कॅटलॉगमध्ये मात्र तारखा नसतात. तिथं ‘अर्ली स्प्रिंग’, ‘मिड स्प्रिंग’, ‘लेट स्प्रिंग’ असं लिहिलेलं असतं, आणि तोच कॅटलॉग व्हर्जिनियातही जातो आणि मेनमध्येही. आपल्या गावापुरता त्याचा अर्थ आपल्यालाच लावावा लागतो. मी मागच्या तीन वर्षांचे फोनमधले फोटो काढून बसले. शेजाऱ्यांच्या दारातलं काय कधी फुललं होतं ते फोटोंच्या तारखांवरून वहीत उतरवलं. आमच्या भागात क्रोकस मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, लवकरचे डॅफोडिल मार्चअखेरीस, मधले एप्रिलच्या पूर्वार्धात, ट्युलिप एप्रिलच्या मध्यानंतर, आणि ऑलियम, म्हणजे कांद्याच्या जातकुळीतलं शोभेचं फूल, थेट मेमध्ये. कुठल्याही कॅटलॉगपेक्षा हे वहीचं पान जास्त कामाचं निघालं.

याशिवाय अटी होत्या त्या अशा. दोनशे डॉलरच्या आत बसवायचं. हरणांसाठी दर आठवड्याला वास मारणारं औषध फवारायचं नाही, कारण मी ते करणार नाही हे मला ठाऊक आहे. आणि घरात चार वर्षांचा मुलगा.

तीन जागा

पहिली जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा दक्षिणमुखी वाफा, बारा फूट लांब, तीन फूट रुंद, थोडा उताराचा. आई दिवसातला बराच वेळ या खिडकीशी असणार, त्यामुळे महत्त्वाची जागा हीच. दुसरी, गराजच्या कोपऱ्यात, जिथं छपराच्या पन्हळीचं पाणी उतरतं. तिसरी, रस्त्याच्या कडेला मेलबॉक्सजवळच्या मॅपलखाली. तिथून हरणांची रोजची पायवाट जाते.

माती सगळीकडं सारखीच, तांबडी. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं ती बघितली आणि म्हणाली, “ही तर कोकणातली माती!” रंग तेवढाच सारखा. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, आमच्याकडची ही लाल शेल खडकाची चिकण माती पाणी धरून बसते. सप्टेंबरमध्येच मी तिन्ही ठिकाणी फूटभर खोल खड्डे करून त्यात पाणी भरलं होतं. एकदा जिरू दिलं, मग परत भरून घड्याळ लावलं. खिडकीखालच्या वाफ्यात दोन तासांत जिरलं. मॅपलखाली त्याहून लवकर, कारण तिथली मुळं पाण्याला टपलेलीच असतात. पन्हळीच्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी होतं. डॅफोडिल असो की ट्युलिप, हिवाळाभर अशा पाण्यात बसलेला कंद कुजतो. बहुतेक लोक कंद गमावतात ते थंडीमुळे नाही, या पाण्यामुळे.

थंडीचा मुद्दा इथं तसा गौणच आहे. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२नंतरचा पहिला नवा झोन-नकाशा (हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून देशाचे भाग पाडणारा) काढला आणि जो तो आपला झोन बदलला का ते बघायला लागला. आम्ही सातमध्ये आहोत. डॅफोडिल आणि ट्युलिप या दोघांनाही सात चालतो. तेव्हा झोनच्या आकड्यानं आमचा काहीच निर्णय झाला नाही. निर्णय केला हरणांनी, पाण्यानं आणि तारखेनं, त्याच क्रमानं.

ट्युलिप का नाही

रटगर्स विद्यापीठानं न्यू जर्सीतल्या बागांसाठी एक यादी केलेली आहे. हरणं कुठलं झाड क्वचित खातात इथपासून कुठलं हमखास फस्त करतात इथपर्यंत चार वर्ग. डॅफोडिल पहिल्या वर्गात, ट्युलिप शेवटच्या. २०२१मध्ये ही यादी बघितली असती तर शंभर कंदांचे पैसे वाचले असते.

पण हरणं नसती तरी मी त्या वर्षी जमिनीत ट्युलिप लावले नसते, आणि त्याचं कारण मला खरं तर आईमुळे नीट उमगलं.

गणपतीच्या दिवसांत मी व्हिडिओ कॉलवर तिला कॅटलॉग दाखवत होते. तिला अर्थातच लाल ट्युलिप हवे होते. वर म्हणाली, “अगं, येताना निशिगंधाचे कंद पिशवीत टाकून आणते की. पाडव्याला छान वास येईल.” कंद असे पिशवीतून आणता येत नाहीत, त्याला रोगमुक्तीचा दाखला लागतो, विमानतळावर सांगितलं तर काढून घेतात आणि न सांगता आणले तर दंड, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. शिवाय निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. इथल्या गोठलेल्या जमिनीत तो जगत नाही, एप्रिलमध्ये फुलणं तर लांबच. मग तिनं उलटा प्रश्न टाकला: “मग तुमचे हे कांदे आमच्याकडं का नाही येत? निफाडला काय थंडी नाही?”

थंडी आहेच. अख्ख्या महाराष्ट्रात पारा खाली गेला की पहिलं नाव निफाडचं येतं, पहाटे पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण दुपारी तोच पारा पंचवीसच्या वर असतो. ट्युलिपच्या कंदाला साधारण दोन ते नऊ अंशांच्या दरम्यान बारा ते सोळा आठवडे सलग राहायला लागतं. पहाटेची चार तासांची थंडी त्याच्या हिशेबात धरली जात नाही.

आईला कांद्याची थंडी माहीत होती. रांगड्या, म्हणजे उशिराच्या खरिपाच्या, कांद्याला ऐन वाढीत थंडीचा झटका बसला की डेंगळे (फुलांचे दांडे) निघतात, कांदा पोकळ पडतो, भाव जातो. तिचा सगळा जन्म डेंगळ्याला शिव्या देण्यात गेलेला. “म्हणजे तुम्ही डेंगळे निघावेत म्हणून पैसे मोजता,” ती म्हणाली. मला तेव्हा हे अगदी चपखल वाटलं. नंतर नोव्हेंबरात एक खरचटलेला ट्युलिपचा कंद हाताशी आला तेव्हा आम्ही तो सुरीनं उभा चिरला. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध, बुडाशी, तांदळाच्या दाण्याएवढं हिरवट-पिवळं काहीतरी उभं होतं. भिंग लावून बघितलं तर पुंकेसरसुद्धा दिसत होते. आई बराच वेळ बघत राहिली. “हा तर आधीच भरून ठेवलाय.”

कांद्यात आणि यात फरक आहे तो इथं. कांद्याला थंडीनं फूल धरतं. ट्युलिपमध्ये फूल उन्हाळ्यातच, कंद काढून कोरड्या गोदामात ठेवलेला असताना तयार होतं, आणि थंडी लागते ती देठ लांबायला. थंडी कमी पडली तर फूल पानांच्या बेचक्यातच खुजं राहतं. याचा निवड करणाऱ्यासाठी अर्थ असा की पहिल्या वर्षीचं फूल तुम्ही विकत आणलेलं असतं. ते हॉलंडमधल्या शेतकऱ्याचं कर्तृत्व. तुमच्या वाफ्याची परीक्षा दुसऱ्या वर्षी. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरउतारांवरचा, उन्हाळाभर त्याला कडक कोरडी जमीन लागते. आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस पडत राहतो, तो नसेल तेव्हा हिरवळीचे फवारे चालू असतात. ओल्या उन्हाळ्यात मोठा कंद फुटून त्याचे लहान लहान होतात आणि पुढच्या वर्षी एकेकच पान वर येतं. डार्विन हायब्रिड जातीचे ट्युलिप त्यातल्या त्यात दोन-चार वर्षं टिकतात, पण तेही हरणांच्या पोटातच जायचे. डॅफोडिलला उन्हाळ्यातला पाऊस फारसा बाधत नाही. जागा मानवली की तो वाढत जातो.

तरी आईचा हिरमोड नको म्हणून दहा लाल ट्युलिप घेतले, कुंडीसाठी.

काय घेतलं

मुख्य भिस्त डॅफोडिलवर. त्याच्या कंदात, पानात, देठात लायकोरिन नावाचं विष असतं, म्हणून हरणं आणि खारी तोंड लावत नाहीत. माणसानंही लावू नये. कंद दिसायला हुबेहूब कांदा, आणि कांदे समजून शिजवून खाल्ल्याच्या, मग ओकाऱ्यांनी हैराण झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. माझ्या घरात कांद्याच्या गावची बाई आणि चार वर्षांचं पोर. गराजमध्ये कांद्याच्या पोत्याशेजारी ठेवलेलं खोकं मी पहिल्याच दिवशी उचलून माळ्यावर टाकलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: खायचे नाहीत.

९ एप्रिलवर नेम धरायचा तर एकच जात घेणं म्हणजे जुगार. मार्च उबदार गेला तर ती आधीच उरकते, थंड गेला तर कळीच राहते. म्हणून तीन जाती घेतल्या, एकीची शेवटची फुलं आणि दुसरीची पहिली एकमेकींना भेटतील अशा. सगळ्यात लवकरची ‘टेट-आ-टेट’, वीतभर उंचीची, एका देठावर दोन-तीन छोटी पिवळी फुलं, पन्नास कंद. मधली ‘डच मास्टर’, मोठी, पूर्ण पिवळी, पुढं कर्णा असलेली, तीही पन्नास. आणि उशिराची ‘थालिया’, शुभ्र, एका देठावर दोन-तीन, पंचवीस.

‘डच मास्टर’बद्दल थोडं. दुकानात ‘किंग आल्फ्रेड’ नावाचे कंद सगळीकडं दिसतात. मूळ ‘किंग आल्फ्रेड’ १८९९ची जात, आणि आज ती खऱ्या रूपात मिळणं दुर्मीळ. त्या नावाखाली बहुतेक वेळा ‘डच मास्टर’ किंवा तिच्यासारखी दुसरी एखादी विकली जाते, पाकिटावर बारीक अक्षरात ‘टाइप’ असं जोडून. फसवणूक म्हणण्याइतकं काही नाही, ‘डच मास्टर’ चांगलीच आहे. आपण काय घेतोय ते माहीत असावं एवढंच. त्याहून मी कंदाच्या आकाराकडं जास्त बघते. परिघ सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. ट्युलिप बाराच्या वरचे, मोठे डॅफोडिल चौदा-सोळाचे घ्यावेत. स्वस्त पिशवीतले कंद स्वस्त असतात ते बहुधा लहान असतात म्हणून. आत फूल भरलेलंच नसेल तर वर काय येणार? पानं. ‘टेट-आ-टेट’ जातच बुटकी, तिचे कंद लहानच असतात, त्यांना हा नियम लावायचा नाही.

पन्हळीच्या कोपऱ्यासाठी ल्युकोजम, ‘ग्रेव्हटाय जायंट’ ही जात. पांढऱ्या घंटा, प्रत्येक पाकळीच्या टोकाला हिरवा ठिपका. ओली चिकण माती सोसणारे कंद मोजकेच, त्यातला हा एक, आणि तोही हरणांना नकोसा. वीस घेतले. हिरवळीत विखरून लावायला क्रोकसचे शंभर, पण नेहमीचे मोठे डच क्रोकस नव्हेत. ते खारींचं आवडतं खाद्य. ‘टॉमासिनियानस’ नावाचे बारीक जांभळे क्रोकस खारी सहसा उकरत नाहीत. क्रोकस म्हटल्यावर आईनं केशर निघेल का विचारलं. केशराचा क्रोकस वेगळा, तो ऑक्टोबरात फुलतो.

पंधरा ऑलियम घेतले, ‘पर्पल सेन्सेशन’. ते आई गेल्यावर फुलणार हे माहीत असून. आणि दारापाशी तीन हायसिंथ, निव्वळ वासासाठी. हायसिंथचे कंद उघड्या हातांनी हाताळले की सुरणासारखी खाज सुटते, कारणही सुरणाचंच, ऑक्झलेटच्या सुया. हातमोजे घालून लावा.

सगळे मिळून पावणेतीनशे कंद, पाठवणावळीसकट एकशेऐंशी डॉलरच्या आसपास. ऑर्डर सप्टेंबरमध्येच दिली. नोव्हेंबरात निम्म्या किमतीत मिळतात हे खरं, पण तेव्हा जे उरलंय ते घ्यावं लागतं, आणि मला तर तीन जातींची साखळी जुळवायची होती.

लावणी

आईला आल्या आल्या लावायचे होते. मी थांबवलं. माती पंचावन्न अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे आपल्या तेरा सेल्सिअसला, उतरली की लावायचे. त्याआधी लावले तर ऊबदार ओल्या मातीत बुरशी धरते. फार उशीर केला तर जमीन गोठायच्या आत मुळं सुटत नाहीत. दह्यासाठी आणलेला थर्मामीटर मी रोज सकाळी सहा इंच खोल खुपसत होते. ४ नोव्हेंबरला काटा छप्पन्नवर आला. त्या शनिवार-रविवारी डॅफोडिल आणि ल्युकोजम. पुढच्या आठवड्यात दिवाळी, १२ तारखेला लक्ष्मीपूजन. त्याच्या आदल्या दिवशी क्रोकस, ऑलियम आणि हायसिंथ. आईनं खुरपं मागितलं, ते नव्हतं. पण या मातीत खुरप्याचा काही टिकाव लागला नसता. ड्रिलला लावायचा लांब ऑगर घेतला, त्यानं एकेक भोक दहा सेकंदांत पडतं. मी भोकं पाडत गेले, आई मागून कंद सोडत आली, टोक वर, बूड खाली, आणि मुलगा माती लोटत होता.

खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट. मोठे डॅफोडिल सहा-सात इंच, क्रोकस तीन-चार. ओळीत लावले नाहीत. पाच-सहाचे पुंजके केले, कारण एकेकटं डॅफोडिल रांगेत उभं असलं की शाळेची प्रार्थना चालू असल्यासारखं वाटतं. बोनमील, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचं खत, घातलं नाही. आमच्याकडं रात्री स्कंक नावाचे उकरणारे प्राणी हिंडतात, त्यांना त्या वासाचं निमंत्रण कशाला, आणि पहिल्या वर्षाची शिदोरी कंदात असतेच. काम झाल्यावर गळलेली कागदी सालं झाडून घेतली. त्यांच्या वासावर खारी येतात. वर कोंबड्यांची जाळी अंथरून विटा ठेवल्या, जमीन गोठल्यावर काढली.

दहा ट्युलिप थँक्सगिव्हिंगला, २३ नोव्हेंबरला, कुंडीत लावून बिनहीटरच्या गराजमध्ये ठेवले. तोवर ते गराजमधल्या फ्रिजमध्ये होते, आणि आईनं एकदा त्याच खणात सफरचंदांची पिशवी ठेवलेली सापडली. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्यानं ट्युलिपच्या आतली कळी मरते. फळं त्याच दिवशी वर नेली. किती दिवस तिथं होती ते आईला आठवेना.

काय झालं

हिवाळा सौम्य गेला आणि मार्च चांगलाच उबदार. वॉशिंग्टनची चेरी १७ मार्चलाच पूर्ण बहरली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. ‘टेट-आ-टेट’ त्याच आठवड्यात उघडली. आई रोज सकाळी खिडकीतून मोजायची. क्रोकस त्याच्याही आधी आले, पण शंभरातले तीसेक ससे खाऊन गेले, देठ तिरके कापलेले. खारींचा विचार केला होता, सशांचा नव्हता.

पाडव्याचा आठवडा आमच्याकडं जरा अतीच घडामोडींचा होता. शुक्रवारी, ५ एप्रिलला, सकाळी दहा-वीसच्या सुमाराला घर हललं. ४.८चा भूकंप, केंद्र शेजारच्या हंटरडन काउंटीत. आईच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘किल्लारी’. सोमवारी, ८ तारखेला, अमावास्या आणि सूर्यग्रहण. आमच्याकडं खग्रास नव्हतं, पण सूर्य नव्वद टक्के झाकला गेला. ग्रहणात फुलं तोडायची नाहीत म्हणून आईनं मला दुपारी कात्री हातात घेऊ दिली नाही. फुलांच्या दृष्टीनं बरंच झालं.

मंगळवारी सकाळी ‘टेट-आ-टेट’ सुकायला लागली होती, कडा कागदासारख्या. ‘डच मास्टर’ मात्र भरात होती, चाळीसच्या वर फुलं. ‘थालिया’ची पहिली दोन फुलं त्याच सकाळी उघडलेली. एक जात घेतली असती आणि ती पहिली असती, तर पाडव्याला निर्माल्य मिळालं असतं. साखळी थोडक्यात वाचवून गेली.

आईनं डॅफोडिलचा हार ओवायचा प्रयत्न केला. देठ पोकळ, चिकट पाणी सुटतं, सुई लावली की फूल मान टाकतं. शेवटी पुंजका करून कलशाखाली साडीच्या निरीला बांधला. कडुनिंब ओक ट्री रोडवरून, इथल्या भारतीय बाजारातून, आणला होता. उरलेली फुलं फुलदाणीत ठेवली, पण एकटी. डॅफोडिलच्या चिकानं त्याच पाण्यातली दुसरी फुलं लवकर माना टाकतात, म्हणून आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवायची.

कुंडीतल्या दहा ट्युलिपपैकी सहा फुलले, १६ एप्रिलला. चारांना पानं आली, कळी आतच वाळली. सफरचंदांवर संशय आहे, सिद्ध करता येणार नाही. हायसिंथ वासाला खरेच सुरेख, पण पहिल्याच जोरदार पावसात तिन्ही आडवे. मॅपलखालच्या पंचवीस ‘थालिया’तल्या एकोणीसच आल्या. तिथं मुळांमुळे ऑगर चालत नव्हता आणि मी कंटाळून सहा कंद चार इंचांवरच लावले होते, नेमके ते. ल्युकोजम पहिल्या वर्षी नाराज होता, विसात सात फुलं. हा कंद वाळलेला आला की रुळायला वर्ष घेतो. दुसऱ्या वर्षी चौदा आली.

फुलं संपल्यावर पानं ठेवायची, पिवळी पडेपर्यंत, सहा-एक आठवडे. पुढच्या वर्षीचं फूल ती भरतात. नवऱ्याला मेअखेरीपर्यंत हिरवळ कापायची मुभा नव्हती, क्रोकसच्या पट्ट्यात तरी. वेण्या घालून पानं गुंडाळायची एक जुनी पद्धत आहे. ती करू नका, त्यानं पानांना ऊन मिळत नाही.

२०२५चा पाडवा ३० मार्चला आला आणि तो हिवाळा थंड होता. त्या दिवशी फक्त ‘टेट-आ-टेट’ उघडली होती, ‘डच मास्टर’च्या कळ्यांनी नुकती मान वाकवलेली. पाडवा तीन-चार आठवड्यांच्या पट्ट्यात मागंपुढं होतो. २०२६चा तर १९ मार्चलाच. म्हणून २०२४च्या फॉलमध्ये मी ‘रेनव्हेल्ड्स अर्ली सेन्सेशन’ ही ‘टेट-आ-टेट’पेक्षाही आधी येणारी जात वीस कंदांपुरती घातली. तो ऑक्टोबर न्यू जर्सीच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा महिना होता, माती विटेसारखी. लावल्यावर तीन आठवडे बादलीनं पाणी घालत होते, कारण मुळं सुटायला ओल लागतेच. ट्युलिप परत घेतले नाहीत.

ऑलियमचं राहिलं. २०२४च्या मेच्या मध्यावर पंधराचे पंधरा उभे राहिले, कंबरेएवढे देठ आणि वर जांभळे गोल गोंडे. हरणांनी एकालाही तोंड लावलं नाही. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, निफाडला रात्र झाली होती, आणि काही न बोलता फोन वाफ्याकडं फिरवला. ती जवळ येऊन बघायला लागली, मग हसायलाच लागली.

“अगं, हे तर डेंगळे! एवढे पैसे देऊन?” आणि मग, थोडं थांबून, “बी धरलं तर फेकू नकोस. वाळू दे देठावरच.”